श्रमपरिहार

लोकसाहित्याच्या पेपरात आम्ही दोघेही गेली पंधरा-सोळा वर्षे एक वाक्य सांगत आलो आहोत : श्रमगीते ही श्रमपरिहारासाठी गायिली जातात. एम.ए.ला असताना ते आम्ही आमच्या सरांकडून उतरवून घेतले; आता आमचे विद्यार्थी आमच्याकडून उतरवून घेतात. वाक्य सोपे आहे आणि परीक्षेत त्याला गुण मिळतात. त्याविषयी शंका घ्यावी असे कधी वाटले नव्हते. ती शंका आली एका संध्याकाळी, आमच्याच अंगणात.

१ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. श्रावण चालू होता, पण आभाळात त्याची खूण नव्हती. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट नुकताच सरला होता. जालन्यातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आले होते. जालनेकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो, की पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या कामाचा दिवस. आधी टाकी, मग पिंप, हंडे, बादल्या आणि शेवटी पातेलीसुद्धा. नेमक्या त्याच दिवशी बी.ए.च्या सहा मुली झिम्मा-फुगडीच्या सरावासाठी आमच्याकडे आल्या होत्या. श्रावण सरण्याआधी महाविद्यालयात एक छोटासा कार्यक्रम करायचा होता.

सहापैकी तिघी अंबड तालुक्यातल्या. अंतरवाली सराटी त्याच तालुक्यात. तेथे मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्टपासून मनोज जरांगे यांचे उपोषण चालू होते आणि तिघींपैकी एकीचा भाऊ दोन दिवसांपासून मंडपात होता.

अंधार पडायच्या सुमारास फोन वाजू लागले. अंतरवालीत लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पाठोपाठ धुळे-सोलापूर महामार्गावर एस.टी. गाड्या पेटल्याचे कळले. मुलींच्या गावाकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. मुली आमच्याकडेच राहणार हे कोणी न ठरवताच ठरले.

आम्ही दूरदर्शन संच लावला. तीच दृश्ये पुन्हा पुन्हा येत होती. भावाचा फोन लागत नव्हता. आम्ही तिला खुर्ची दिली, पाणी दिले, बस म्हणालो. शिकलेल्या माणसांना संकटात दुसऱ्याला बसवण्यापलीकडे फारसे काही सुचत नाही. ती पाच मिनिटे बसली आणि उठून म्हणाली, "मॅडम, पिंप राहिलंय ना? मी भरू लागते." तिने पिंप आतून घासले, विसळले, तोंडाला फडके बांधले आणि नळी सोडली. मग मेथी निवडायला घेतली.

तिच्याजवळ शेजारच्या काकू येऊन बसल्या. त्यांच्या नळाला पाणी कमी दाबाने येते, म्हणून दोन हंडे आमच्याकडे भरतात. त्यांचा मुलगा पोलिसात आहे आणि त्या दिवशी बंदोबस्ताला त्याच भागात होता, हे आम्हांला ठाऊक होते. मुलीला ठाऊक नव्हते. काकूंनाही तिच्या भावाचे ठाऊक नव्हते. दोघींनी मिळून दोन जुड्या निवडल्या. दोघींचेही फोन शेजारी-शेजारी, पालथे ठेवलेले.

जेवणे झाली. भांडी झाली. करण्यासारखे काम उरले नाही तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, फुगडी घेऊ का?"

आमच्यापैकी एकाने लगेच सांगितले, "आज नको." आज नाचणे बरे दिसणार नाही, असे आम्हांला वाटले होते. ती म्हणाली, "बसून काय होणारंय, सर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

फुगडी पाहताना सोपी वाटते. समोरासमोर उभे राहायचे, पायांची बोटे जुळवायची, हातांची कैची करून एकमेकींचे हात धरायचे आणि मागे रेलायचे. प्रत्येकीचा भार दुसरीच्या हातांवर असतो. एकीने सोडले तर दोघी पडतात. त्या रात्री गाणे कोणी म्हटले नाही. पावलांचा आवाज आणि तोंडातून निघणारा तो फू-फू श्वास, एवढेच. काकू पायरीवर बसून पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, मनगटाला धर. बोटं धरली की घामानं सुटतात."

साडेदहाच्या पुढे भावाचा फोन आला. खांद्याला मार होता, बोलत होता. काकूंच्या मुलाचा फोन पहाटे आला, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक यावर आम्ही त्या रात्री बोललो नाही. पुढे पुष्कळ बोललो, भांडलोही.

कार्यक्रम रद्द झाला. पण आमचे ते वाक्य तेव्हापासून अडखळते. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७पासून त्या ऐकता येतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यांत आहेत. दुष्काळ आहे, मरण आहे, सासरी गेलेल्या लेकीची काळजी आहे. हे सारे दळणाचा शीण घालवण्यासाठी म्हटले, असे आम्ही कशाच्या आधारावर सांगत होतो? शीण जातही असेल. पण जड बातमी घेऊन रिकाम्या हातांनी बसवत नाही, म्हणून बाई जात्याशी बसली आणि मग ओवी आली, असेही झाले असेल. तेव्हा श्रम हे गाण्याचे निमित्त नव्हे, आधार ठरतात. आम्ही मात्र श्रमांकडे फक्त गाण्याने हलके करायचे ओझे म्हणून पाहिले. स्वतः दळण दळले नाही, म्हणूनही असेल.

पुढच्या वर्गात हे सारे सांगितले. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मग परीक्षेत काय लिहायचं, सर?"

"श्रमपरिहार," आम्ही म्हणालो, "आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा. घरी आजीला विचारून भरा."