शून्य सर्वांचें एक

‘बस’ हा शब्द कानीं पडला कीं आम्हां नगरकरांस थोडा अभिमान वाटल्यावांचून राहत नाहीं. राज्य परिवहनाची अगदीं पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून निघाली ती आमच्याच गांवीं आली. गांवाचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी ही गोष्ट आमच्या घरांत अजून कौतुकानें सांगतात. ‘बस’ हें ‘ऑम्निबस’ ह्या लॅटिन शब्दाचें शेंपूट, अर्थ ‘सर्वांसाठीं’. परंतु गेल्या पावसाळ्यांत ज्या बसनें आमची फजिती केली ती रस्त्यावरची नव्हती. ती होती हातभर लांबीच्या दोन तारांची.

राहुरी तालुक्यांत आमच्या कुटुंबाची थोडी सामाईक शेती आहे. उन्हाळी कांदा काढून चाळींत भरावयाचा आणि दिवाळीपर्यंत बेताबेतानें विकावयाचा, ही तिकडची रीत. चाळींतील हवेची आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० असली म्हणजे कांदा टिकतो. ती वाढून तशीच राहिली कीं तो सडूं लागतो. दादांचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. त्यानें सुटींत खपून चाळीसाठीं एक यंत्र केलें : एक आर्डुइनो बोर्ड, आंकडे दाखविणारा डिस्प्ले, एक घड्याळ आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर. हीं सारीं एकमेकांशीं दोनच तारांवरून बोलतात. ह्या सामाईक वाटेसच ‘बस’ म्हणतात. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं ही पद्धत काढली आणि तिला ‘आय-टू-सी’ असें नांव दिलें.

आषाढाच्या आरंभीं सेन्सर बंद पडला. पुतण्याची परीक्षा तोंडावर आलेली. त्यास त्रास कशाला द्यावा, असें म्हणून आम्हीं स्वतःच बाजारांतून नवा सेन्सर आणला. जुन्यास चार पाय, नव्यासहि चार. पायांचीं नांवेंहि तींच. नव्यावर ‘३.३ व्होल्ट’ लिहिलेलें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्यास बोर्डावरील ३.३ व्होल्टच्या जागेवरून वीज दिली आणि आपल्या हुषारीवर आम्ही खूष झालों. डिस्प्लेवर ६६ हा आंकडा उमटला.

पुढें पावसाची झड लागली. चाळीच्या बाजूंस ताडपत्र्या सोडलेल्या होत्या. पाऊस उघडतांच त्या गुंडाळून आंत वारा खेळूं द्यावयाचा असतो. पण डिस्प्ले ६६ च दाखवीत होता, म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. एकादशीचा उपास सोडून आई शेतावर आली ती फाटकापाशींच थबकून म्हणाली, “कांदा सडतोय रे!” आम्हीं तिला आंकडा दाखविला. ती म्हणाली, “त्या आंकड्याला नाक आहे का?” ताडपत्री वर केली तेव्हां एक अख्खा कप्पा पाणावलेला निघाला.

दादांचा राग घरांत प्रसिद्ध आहे. “त्याच्या खेळण्यापायीं कांदा गेला,” असें म्हणत ते पुण्यास फोन लावूं लागले. सेन्सर आम्हीं बदलला होता हें सांगण्याची तीच वेळ होती. पण आमची जीभ टाळूस चिकटली. वहिनींनीं दादांच्या हातून फोन घेतला आणि मुलास म्हणाल्या, “चाळीतल्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय. रविवारी येऊन बघून जा.” निरोप तोच, दाब तेवढा निराळा.

रविवारीं पुतण्या आला. यंत्र उघडतांच सेन्सर आपला नव्हे हें त्यानें ओळखलें असणार; पण तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें मीटर लावून दोन्ही तारा मोजल्या. प्रत्येकीवर ५ व्होल्ट! मग आम्हांस जवळ बसवून त्यानें जें समजाविलें तें असें :

ह्या तारांवर कोणीहि वर ढकलावयाचें नाहीं, असा नियम आहे. एक बारीकसा रेझिस्टर तारेस वीजपुरवठ्याच्या पातळीवर धरून ठेवतो. ज्यास बोलावयाचें असेल त्यानें ती क्षणभर शून्यावर खेंचावयाची आणि सोडून द्यावयाची. ह्या खेंचण्या-सोडण्यांतूनच सारा मजकूर जातो. आमच्या डिस्प्लेचे रेझिस्टर तारांस ५ व्होल्टवर धरीत होते. सेन्सरचें पोट ३.३ व्होल्टवर चालत होतें खरें, पण त्याच्या कानाशीं रात्रंदिवस ५ व्होल्ट लागलेले. जादा वीज आडवाटेनें अंगांत शिरत राहिली आणि तो कायमचा मुका झाला. जुन्या सेन्सरच्या पाटीवर ह्याचा बंदोबस्त आधींच केलेला होता. इकडे बोर्डानें शेवटचा ऐकलेला आंकडाच तसा ठेवला.

“ती चूक माझी,” तो म्हणाला. “उत्तर आलं नाही तर नुसती रेघ दाखव, असं मी त्यात लिहायला हवं होतं.”

आम्हीं विचारलें, “मग साऱ्या तारा ३.३ वरच ठेवल्या तर?” तर म्हणे तेंहि भरंवशाचें नाहीं. ५ व्होल्टवर चालणारें उपकरण आपल्या दाबाच्या सात-दशांशापुढें, म्हणजे साडेतीन व्होल्टपुढें, गेलेलीच तार ‘वर’ आहे असें खात्रीनें मानतें, ३.३ तेथें थोडे कमीच पडतात. ह्यावर तोड १९९७ सालच्या फिलिप्सच्याच एका टिपणांत सांगितली आहे. प्रत्येक तारेच्या मध्यें एक मॉस्फेट बसवावयाचा आणि दोन्ही बाजूंस आपापला रेझिस्टर ठेवावयाचा. सारे गप्प असतां मॉस्फेट बंद; एक बाजू ५ वर, दुसरी ३.३ वर, आपापल्या जागीं सुखानें. कोणत्याहि बाजूनें तार शून्यावर खेंचली कीं तो वाट मोकळी करतो आणि दुसरी बाजूहि शून्यावर येते. बोलणें पलीकडे जातें. दाब जात नाहीं. एक गोष्ट मात्र समान हवी : दोन्हीकडील शून्याची तार.

“उंची ज्याची त्याची, काका,” तो म्हणाला, “शून्य सर्वांचं एक.”

तेवढ्यांत वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांचा तो फोन आम्हांस आठवला आणि चहा कांहीं केल्या घशाखालीं उतरेना. मुलानें आपली चूक न विचारतां सांगितली होती. आमची त्यास ठाऊक असूनहि त्यानें ती उच्चारली नव्हती.

रात्रीं पानावर बसल्यावर आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें, “सेन्सर मी बदलला होता. पोराकडे दोष नाही.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग दादा वहिनींस म्हणाले, “त्याला आणखी तूप वाढा.” तें कोणास, हें सांगावें लागलें नाहीं.

यंत्र आतां ठीक चालतें. तरीहि पाऊस उघडला कीं आम्ही आधीं आईस चाळीपाशीं नेतों आणि डिस्प्ले मागाहून पाहतों.