धरणाखालचा ट्राउट

मित्रहो, धरण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? स्टोरेज, स्पिलवे, हेड आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ट्रेस केलेली शीट! पण नदीचं तापमानही इंजिनिअर ठरवतो, हे मला कळलं ते इथून पास होऊन अमेरिकेत युटाला एम.एस.ला गेल्यावर. तेही हातात मासे धरायची काठी असताना.

तिथे ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज हे १५३ मीटर उंचीचं कमानी धरण आहे, १९६४ मध्ये पूर्ण झालेलं. गाळ वर जलाशयातच बसतो, त्यामुळे खालचं पाणी एकदम नितळ. तळाचे गोटे मोजून घ्यावेत! ट्राउट मासा आपल्याला दिसतो तसे आपणही त्याला दिसतो, म्हणून मागून हळूच जायचं. गळाला गांडूळ नाही, तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं, म्हणून फेकायची ती जड दोरी. माशी प्रवाहापेक्षा जरा वेगळ्या वेगाने सरकली की ट्राउट तोंड फिरवतो. फ्लुइड मेकॅनिक्स त्याला आपल्यापेक्षा चांगलं येतं!

दोन तासांनी एक लागला. ओल्या हाताने धरला आणि सोडून दिला. मालवणचा रूममेट वैतागला, "अरे, सोडलास? मग रात्री जेवणार काय, फोटो?"

खरी गोष्ट पुढेच आहे. ४ अंशांना पाणी सगळ्यात जड, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून जलाशयात खोलवर उन्हाळ्यातही गारठा, आणि तेच पाणी टर्बाइनमधून खाली यायचं. इतकं थंड, की ट्राउटसुद्धा नीट वाढेनात. शेवटी १९७८ मध्ये हव्या त्या खोलीवरचं पाणी घेता येईल अशी रचना इनटेकला बसवली आणि मासे सुधारले.

पण इथले रेनबो आणि ब्राउन ट्राउट बाहेरून आणलेले. त्यांना जागा व्हावी म्हणून १९६२ मध्ये नदी आणि उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर लांबीत रोटेनोन हे विष सोडून मूळचे मासे मारले होते. गढूळ, कोमट पाण्यातला तिथला पाइकमिनो मासा १९६७ मध्ये धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. २००६ मध्ये त्याच्यासारख्या माशांसाठी धरणातून पाणी सोडायचं वेळापत्रकच बदलावं लागलं.

तेव्हा मित्रहो, इनटेकची लेव्हल काढाल तेव्हा सरांना एवढं जरूर विचारा, "सर, खाली कोण राहतं?" व्हायवाचे दोन मार्क गेले तरी चालतील!