पन्नासपैकी चौतीस

बडोद्यात वाढलेल्या माणसाने बिअरवर लिहायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याने नर्मदेवर लिहिण्यासारखं आहे. १९६० साली गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सर्वांत कडक पेय म्हणजे बाबांचा आल्याचा चहा. कलाभवनातून बीई होऊन नोकरीला लागेपर्यंत बिअर मी फक्त सिनेमात पाहिली होती. त्यामुळे अमेरिकेत पोर्टलंडला दोन वर्षं राहून काय शिकलास, असं कोणी विचारलं की मी प्रोजेक्टबद्दल बोलायचो. खरं उत्तर वेगळं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी एका गॅरेजमध्ये बसून लोकांनी घरी बनवलेली बिअर चाखायचो आणि तिला मार्क द्यायचो.

कंपनीने मला २०१७ साली तिकडे पाठवलं. ऑफिस हिल्सबरोला, म्हणजे पोर्टलंडच्या पश्चिमेला. तिथून मॅक्स नावाची रेल्वे थेट शहरात जाते. विलामेट नदीने शहराचे दोन भाग केले आहेत आणि एकामागून एक पुलांनी ते पुन्हा जोडले आहेत. हिवाळाभर पाऊस. पण आपल्यासारखा धो धो नाही, चाळणीतून पीठ पडावं तसा दिवसभर भुरभुरत राहणारा. त्या पावसात छत्री उघडणारा माणूस बाहेरगावचा, हे लगेच ओळखू येतं. मी पहिला महिनाभर छत्री उघडत होतो.

आभाळ मोकळं झालं की पूर्वेला माउंट हूडचं बर्फाचं शिखर दिसतं. त्याच बाजूच्या जंगलातून, बुल रन नावाच्या खोऱ्यातून, शहराला १८९५ पासून पिण्याचं पाणी येतं. पोर्टलंडच्या माणसाला या पाण्याचा फार अभिमान. सयाजीराव महाराजांच्या आजवा सरोवराबद्दल आपल्याकडची जुनी मंडळी बोलतात, अगदी तसंच हे लोक बुल रनबद्दल बोलतात. पाणी मृदू, क्षार कमी, त्यामुळे बिअरला उत्तम. शहराच्या दक्षिणेला विलामेटच्या खोऱ्यात हॉप्सची शेती आहे. पडवळाच्या मांडवाच्या दुप्पट-तिप्पट उंच तारा, त्यांवरून लोंबणाऱ्या दोऱ्या आणि दोऱ्यांना धरून वर चढलेले वेल. बिअरचा कडवटपणा या वेलाच्या फुलांतून येतो.

माझ्या टीममध्ये टेस्टिंग करणारी एक सहकारी होती. तिने एकदा विचारलं, "शनिवारी काय करतोस?" मी म्हटलं, "कपडे धुतो." तिला माझी दया आली असावी. ती मला त्या गॅरेजमध्ये घेऊन गेली.

आपल्या दारूबंदीचं मी तिथे सांगितलं, तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्याकडेही १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण घरच्या बिअरला मात्र नाही. अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केली आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून केंद्राच्या कायद्याने ती मोकळी झाली. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर. अट एकच, विकायची नाही. विकायची नाही म्हणजे वाटायची, आणि वाटली की कोणीतरी मत देणारच. या छंदाचं अर्धं सुख मला त्यात दिसलं.

करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं आणि साधारण ६६ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचं. याला मॅश म्हणतात. त्या वेळी घरभर सातूच्या पिठासारखा वास सुटतो. मग ते गोड पाणी गाळून हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचे दोन आठवडे काम यीस्टचं, काळजी आपली. नंतर थोडी साखर घालून बाटल्यांत भरायची आणि फेस धरायला पुन्हा दोन आठवडे थांबायचं. बहुतेक जण एका वेळी पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर करतात. महिनाभराची मेहनत बाटलीत असते, म्हणून बाटली पुढे करताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पहिल्यांदा पुरणपोळी करणाऱ्या सुनेचा होतो तसा.

चाखण्याचे नियम आमच्या कोड रिव्ह्यूपेक्षा कडक. येण्याआधी कॉफी नाही, तिखट नाही, अंगाला अत्तर नाही. हलक्या बिअरपासून गडद बिअरकडे जायचं. प्रत्येकाच्या ग्लासात साठेक मिलिलिटरच ओतायची. मधे पाणी आणि अळणी बिस्किटं. आधी नाक, मग डोळे, मग जीभ. आणि सर्वांचं लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, कारण एकाने "लिंबू" म्हटलं की सगळ्यांना लिंबू लागायला लागतं. कागद अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांच्या पद्धतीचा. ती पद्धत चालवणारी बीजेसीपी नावाची संस्था १९८५ सालची. एकूण मार्क ५०: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकंदर मताला १०.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका बिअरला छान लोण्याचा वास होता. वरणभातावर तूप पडल्यासारखं वाटलं आणि मी वासाला १२ पैकी ११ दिले. बाकीच्यांनी ४ दिले होते. तो वास डायअसेटिल नावाच्या पदार्थाचा. यीस्टचं काम संपत आलं की तापमान थोडं वाढवून दोन-तीन दिवस थांबायचं असतं, म्हणजे यीस्ट तो पदार्थ परत शोषून घेतं. इथे घाई झाली होती. मी म्हटलं, "आमच्याकडे याला दोष म्हणत नाहीत." सगळे हसले, पण सहकारी म्हणाली, "नाक तुझं बरोबर आहे, फक्त निकाल चुकला."

तेव्हापासून मी वासांची माझी स्वतःची वही केली. उकडलेल्या मकईचा वास म्हणजे उकळणं कमी पडलं असावं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बिअर अजून कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागली. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि तो यायलाच हवा. वहीत मी लिहिलं होतं: शिकरण, लवंग घातलेलं.

त्या गॅरेजमध्ये सत्तरीतले एक गृहस्थ यायचे. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. तिकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांची तांबूस एल पहिल्यांदा नाकाशी नेली आणि मी थेट बडोद्यातल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलो. नवीन पट्टी, चिकटपट्टी, कंपाउंडरचं टेबल. वास अगदी स्पष्ट होता. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे खाली मान घालून लिहीत होते. बोलायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाला, "रंग सुंदर." दुसरा म्हणाला, "वेगळीच आहे." मी नवीन, वयाने लहान, त्यात पाहुणा. मीही म्हटलं, "छान आहे."

पुढच्या महिन्यात पुन्हा तीच बिअर, तोच वास आणि तेच "छान".

त्या दिवशी शेवटी आम्ही दोघं ग्लास धुत होतो. आजोबा सहज बोलावं तसं म्हणाले, "पुढच्या वेळी माझं मोठं पातेलं घेऊन येतो. तुला हवं असेल तर तू घे. माझा हात गेला आता." मग थोडं थांबून म्हणाले, "काहीतरी लागतंय त्यात. मला नाव सापडत नाही. पण तुम्हाला सगळ्यांना आवडते, म्हणजे माझी जीभच म्हातारी झाली असेल."

मला आमची आजी आठवली. लोणचं घातलं की ती आम्हा नातवंडांच्या तळहातावर एक एक फोड ठेवायची आणि म्हणायची, "काय कमी आहे ते सांगा रे. छान म्हणायला शेजारी आहेत."

मी पाण्याचा नळ बंद केला आणि सांगितलं. "दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो. मागच्या महिन्यातही आला होता. मी बोललो नाही, चुकलं माझं."

माझ्या मागे सगळं शांत झालं. मग सहकारी हळूच म्हणाली, "मलाही येतो." आणखी दोघांनी माना हलवल्या. आजोबांनी ओला ग्लास फडक्यावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "माझी बायको असती तर पहिल्या घोटालाच सांगितलं असतं तिने."

मला तेव्हा कळलं की आदल्याच वर्षी त्या वारल्या होत्या. बाकी सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणूनच कोणी बोललं नव्हतं. दुःखातल्या माणसाला कशाला आणखी दुखवायचं, असा सर्वांचा चांगला विचार. आणि त्या चांगल्या विचारापायी माणूस पातेलं देऊन टाकायला निघाला होता.

मग चौकशी सुरू झाली. आमच्या भाषेत डीबगिंग. आधी काय बदललं? जव तेच, यीस्ट तेच, भांडी तीच. कृती तीस वर्षांची जुनी. बदललं होतं घर. पत्नी गेल्यावर त्यांनी सेलमजवळची शेती विकली होती आणि मुलीच्या जवळ राहायला शहरात आले होते. शेतावर विहिरीचं पाणी होतं, इथे नळाचं. ते अभिमानाचं बुल रनचं पाणी. जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन घालतात, आणि क्लोरीनची जवातल्या आणि यीस्टमधल्या काही पदार्थांशी गाठ पडली की पट्टीचा वास तयार होतो. अगदी लेशमात्र असला तरी नाकाला कळतो.

मी आजीचा उपाय सांगितला: पाणी रात्रभर उघडं भरून ठेवा. सहकारी हसली. नुसतं क्लोरीन असतं तर तो उपाय चालला असता. पण पोर्टलंडला क्लोरीनबरोबर अमोनियाही घालतात. त्यातून होणारं क्लोरामीन फार चिवट, रात्रभर ठेवून काय, उकळूनही सहज जात नाही. त्याला कॅम्पडेनची गोळी लागते, म्हणजे मेटाबायसल्फाइट. आपल्याकडे घरच्या स्क्वॉशमध्ये घालतात ना केएमएस, त्याच जातीची. पाच गॅलन पाण्याला पाव गोळी पुरते आणि काम मिनिटांत होतं.

पाव गोळी. तेवढ्यावर अडलं होतं सगळं.

दोन महिन्यांनी आजोबा पुन्हा बाटली घेऊन आले. या वेळी ओतताना त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. मी ग्लासवर तळहात ठेवून हलवला आणि नाक नेलं. भाजलेला पाव, थोडा गूळ, मागे संत्र्याच्या सालीसारखे हॉप्स. दवाखाना नाही. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण कागद समोर होता. मी लिहिलं: वास स्वच्छ, चव तोल सांभाळून, तोंडात मात्र जरा पातळ, मॅश दोन अंश गरम ठेवून पाहावा. ५० पैकी ३४. त्या पद्धतीत ३० ते ३७ म्हणजे 'फार चांगली'.

आजोबांनी कागद दोनदा वाचला. मग चश्मा कपाळावर चढवून माझ्याशी त्या "पातळ"वरून अर्धा तास भांडले. इतकं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पातेल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

२०१९ला परत येताना त्यांनी एक बाटली दिली. गुजरातेत ती आणता येणार नव्हती, म्हणून तिथेच सगळ्यांनी मिळून संपवली. जुना मार्कांचा कागद मात्र मी त्यांच्याकडून मागून घेतला आणि बॅगेत ठेवला. बडोद्याला आल्यावर आईने बॅग उपसली आणि तो तिच्या हाती लागला.

"पन्नासपैकी चौतीस?" ती म्हणाली. "तिकडे जाऊन परीक्षा दिलीस आणि एवढेच मार्क? सांगितलं नाहीस ते?"

प्रोजेक्टचं काहीतरी सांगून वेळ मारून नेणं सोपं होतं. दोन वर्षं मी फोनवर तेच करत होतो, "शनिवारी क्लबला जातो" एवढंच सांगून. बाबांनीही पेपर खाली केला होता.

"परीक्षा मी दिली नाही, आई," मी म्हटलं. "मी परीक्षक होतो. बस, सांगतो."