सेफ्टीचं एक पाऊल

2009 च्या हंगामात मी अटलांटात, जॉर्जिया टेकमध्ये शिकत होते. बॉबी डॉड स्टेडियम कॅम्पसमध्येच आहे. सामन्याच्या दिवशी 1930 सालची सोनेरी-पांढरी फोर्ड संघाच्या पुढे धावत मैदानात शिरायची आणि विद्यार्थ्यांचा स्टँड उसळायचा. माझं अमेरिकन फुटबॉलचं प्रेम मात्र त्या जल्लोषातून आलं नाही. ते आलं टेकचे प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्या आक्रमणाच्या पद्धतीतून.

जॉन्सन यांनी ही पद्धत आधी जॉर्जिया सदर्नला, मग नेव्हीला खेळवली आणि 2008 मध्ये टेकला आणली. बाकीचे बहुतेक संघ क्वार्टरबॅकला मागे उभं करून पासवर पास करत होते. टेक चेंडू घेऊन पळत होतं, सामन्याला जवळजवळ 300 यार्ड. स्टँडमध्ये कुरकुर असायची की हे जुनाट आहे, तेच तेच आहे. माझ्या लॅबमधला एक जॉर्जियाचा मुलगा शाळेत याच पद्धतीने खेळलेला होता. तो म्हणाला, “चेंडू सोड. मागे एकटा उभा आहे ना, त्या सेफ्टीचे पाय बघ.”

तसं बघायला लागले आणि ‘तेच तेच’ उलगडत गेलं. क्वार्टरबॅक जॉश नेसबिट सेंटरच्या अगदी मागे असायचा. त्याच्या पाठीशी बी-बॅक जोनाथन ड्वायर आणि लाइनच्या दोन्ही टोकांना एकेक ए-बॅक. नेसबिट चेंडू ड्वायरच्या पोटाशी धरायचा, पण लगेच सोडायचा नाही. समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम कुणीच अडवलेलं नसायचं. तो ड्वायरवर झेपावला, तर नेसबिट चेंडू काढून घेऊन बाहेर पळणार. पुढचा माणूस नेसबिटवर आला, तर चेंडू बाहेरून पळणाऱ्या ए-बॅकला. दोन बचावपटूंना हात न लावता खेळातून बाद करायचं, म्हणजे ब्लॉक करायला आपली माणसं उरतात. एवढं सोपं गणित, आणि तरी ते घडताना श्वास रोखला जायचा, कारण नेसबिटला निर्णय घ्यायला पापणी लवण्याइतकाच वेळ असायचा.

चेंडू घेऊन पळण्याच्या या खेळीवर, म्हणजे रनवर, उपाय एकच: सेफ्टीने मागची जागा सोडून पुढे धावत यायचं. पहिल्या क्वार्टरमध्ये तो जागेवर थबकायचा. दुसऱ्यात एक पाऊल पुढे. ए-बॅकने दोनदा दहा-बारा यार्ड मारले की तिसऱ्या वेळी चेंडू हलताच सेफ्टी निघालेला असायचा. साइडलाइनवरून जॉन्सन याच पावलाची वाट बघत असणार. मग तीच रचना, तशीच सुरुवात, नेसबिटचा हात तसाच ड्वायरच्या पोटाशी. लाइनमनसुद्धा रनसारखेच खाली वाकून पुढे मुसंडी मारायचे, कारण ते मागे सरकले असते तर लाइनबॅकरला पास आहे हे तेव्हाच कळलं असतं. आणि सेफ्टी पुढे आलेला असताना त्याच्या मागे टेकचा रिसीव्हर डीमेरियस थॉमस एकटा पळत असायचा.

लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांच्या गुगलीमागे लेगब्रेकची मेहनत असायची, तशी थॉमसच्या झेलामागे त्याच्याच ब्लॉकची. सहा फूट तीन इंचांचा, पुढच्याच वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेलेला हा खेळाडू रनमागून रन त्याच्यासमोरच्या बचावपटूला, कॉर्नरबॅकला, अंगावर घेऊन ढकलत राहायचा. कॅमेरा तिकडे जायचा नाही. तो ब्लॉक मनापासून करायचा म्हणून कॉर्नरबॅकही मनापासून त्याच्याशी झुंजायला पुढे यायचा. मग एकदा थॉमस नुसता खांदा टेकवायचा आणि निसटायचा. त्या हंगामात त्याने 46 झेलांत 1,154 यार्ड कमावले, म्हणजे झेलामागे 25 यार्ड. संघाचे निम्म्याहून अधिक झेल त्याचेच होते. 2021 मध्ये, वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी तो गेला. सगळीकडे त्याचे एनएफएलमधल्या डेन्व्हर संघाकडून घेतलेले झेल दाखवत होते. मी रात्री उशिरापर्यंत टेकच्या जुन्या सामन्यांत त्याचे ब्लॉक शोधत बसले होते.

2009 च्या त्या ऑक्टोबरात आम्ही चौथ्या क्रमांकावरच्या व्हर्जिनिया टेकला 28-23 असं हरवलं आणि सगळा स्टँड मैदानात उतरला. त्या रात्री यशस्वी पास जवळजवळ नव्हतेच. पण थॉमस बाहेर उभा होता आणि सेफ्टीला ते माहीत होतं. न टाकलेला पासही रनला जागा करून देतो, हे मला त्या सामन्यात दिसलं.

2018 च्या हंगामानंतर जॉन्सन निवृत्त झाले आणि टेकने ती पद्धत सोडली. आता सगळीकडे आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन, आहे. लाइनमन रनसाठी ब्लॉक करतात आणि क्वार्टरबॅक एका बचावपटूकडे बघून त्याच खेळीत रन की पास ते ठरवतो. कॉलेजचा नियम त्याला अनुकूल आहे: पासच्या वेळी लाइनमनला तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. मी हेही आवडीने बघते. पण यात बचावपटूचा पेच एकाच खेळीपुरता असतो. जॉन्सन यांच्या खेळात पहिल्या क्वार्टरमधला चार यार्डांचा रनसुद्धा तिसऱ्या क्वार्टरमधल्या पासचाच भाग होता, आणि तशी लांब पल्ल्याची बांधणी मला आजच्या सामन्यांत फार कमी सापडते.