रात्री बारानंतरचा कंट्रोल

ब्रेव्हेच्या कंट्रोलवर माणसं बसवावीत की नाही, हा वाद आमच्या सायकल मंडळींत दर हिवाळ्याला निघतो. मी कायम ‘नको’ म्हणणाऱ्यांत होतो, आणि त्यातही मोठ्या आवाजात. हल्ली मी ‘हवीत’ म्हणतो. बैठकीत सरळ तसं मतही देतो. जुने मित्र मग एकमेकांकडे बघून हसतात, ते मला दिसतं. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

ज्यांना ब्रेव्हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर पुरं करायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. पहिला कोण, शेवटचा कोण, याची नोंद कुणी ठेवत नाही. वाटेत कंट्रोल असतात, तिथे आपण पोचलो याचा पुरावा द्यायचा आणि ब्रेव्हे कार्डावर नोंद करून घ्यायची. मागे गाडी घेऊन कुणी यायचं नाही. पंक्चर आपणच काढायचं, भूक आपणच भागवायची, वाट आपणच शोधायची. पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियां’ने 1921 पासून हे खुल्या वेगाचे ब्रेव्हे चालवले. आपल्याकडे ते आले गेल्या पंधराएक वर्षांत, आणि बघता बघता पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा असे सगळीकडे पसरले.

मला यातला ‘आपणच’ हा भाग फार आवडायचा. बँकेत आयुष्य गेलं, तिथे कुठलंही काम एका माणसाचं नसतं, प्रत्येक कागदावर दोन सह्या लागतात. सायकलवर मात्र सही एकच. त्यामुळे कंट्रोलवर टेबल मांडून, बॅनर लावून, केळी-चिक्की-सरबत घेऊन बसलेले व्हॉलंटियर बघितले की मला हळदीकुंकवाला आल्यासारखं वाटायचं. माझं म्हणणं साधं होतं. एटीएमच्या पावतीवर ठिकाण छापलेलं असतं, तारीख असते, मिनिटापर्यंत वेळ असते. पुरावा म्हणून यापलीकडे काय हवं? पेट्रोल पंपाचं बिलही चालतं. मग चार भले लोक रात्रभर थंडीत कशाला कुडकुडवायचे? (मशीनमधला कागद ऐन वेळी संपलेला असतो, हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पण वादात आपण आपल्याच बाजूच्या अडचणी सांगत नाही.)

आता हिवाळ्याबद्दल बोललं पाहिजे, कारण गोष्ट तिथेच अडकते. डिसेंबर-जानेवारी म्हणजे सायकलचा मोसम, असं आपण धरूनच चालतो. ऊन लागत नाही, पाऊस नाही, पाणी कमी लागतं, हे सगळं खरंच आहे. पण या दिवसांत पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो तो सातशिवाय उगवत नाही. म्हणजे तेरा तास अंधार. सकाळी सहाला निघालेल्या चारशेच्या रायडरला जवळपास अख्खी रात्र रस्त्यावर काढावी लागते. आणि पुणे-कोल्हापूर रस्त्यावर नेमका याच दिवसांत ऊस चालू असतो.

कऱ्हाड-इस्लामपूरचा पट्टा रात्री सायकलवरून ज्याने केला नसेल त्याला हे सांगून कळायचं नाही. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, त्याच्या पाल्याखाली झाकलेला मागचा दिवा. असलाच तर. लांबून रस्ता मोकळा दिसतो आणि जवळ गेल्यावर अंधाराचाच एक तुकडा पुढे सरकतोय हे कळतं. ट्रॉली बंद पडली की ड्रायव्हर मागे दगड मांडून ठेवतो, इशारा म्हणून. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. नदीच्या पुलांवर आणि खोलगट भागात गार हवा साचलेली असते, सायकल उताराला लागली की घामाने भिजलेली जर्सी बर्फासारखी छातीला चिकटते. पेडल मारतो तोवर माणूस गरम असतो, थांबला की दहा मिनिटांत दात वाजू लागतात. मग थांबायची भीती वाटते आणि न थांबता झोप येते. हिवाळ्यातल्या रात्रीचा खरा पेच हाच आहे. उन्हाळ्यात दमलेला माणूस झाडाखाली आडवा तरी होतो.

अशाच एका चारशेला, पेठ नाक्याच्या पुढून वळून मी परत येत होतो. तीनशे किलोमीटरचा कंट्रोल सुरूर फाट्याच्या अलीकडे एका ढाब्यावर होता. पंधराच्या सरासरीने तो रात्री दोनला बंद होणार, मी पाऊण वाजता पोचलो, म्हणजे सव्वा तास हातात. मी खुशीत होतो. टेबलावर एक कॉलेजातली मुलगी बसली होती, फिजिओथेरपी शिकणारी, डोक्याला मफलर बांधलेला. तिने कार्ड घेतलं, वेळ लिहिली आणि कार्ड परत देता देता विचारलं, “काका, पुण्यात किती वाजेपर्यंत पोचायचंय?”

“नऊ.”

“मग आता किती तास राहिले?”

मी तोंड उघडलं आणि आकडा येईना. पाऊण ते नऊ. आयुष्यभर दिवसाचा कॅश बॅलन्स रुपया-पैशाला जुळवून घरी गेलेला माणूस मी. मी म्हणालो, “पाच.” ती हसली नाही. म्हणाली, “सव्वाआठ आहेत. भरपूर आहेत. खुर्चीवर बसा, मी वीस मिनिटांनी उठवते.” मागच्या दिवशीचं वर्तमानपत्र तिने मला जर्सीत छातीवर घालायला लावलं, वर घोंगडी टाकली आणि बरोबर वीस मिनिटांनी हलवलं. मी पुण्याला वेळेत पोचलो.

यानंतर माझं मत बदललं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. उलट मला थोडा रागच आला होता. पुढच्या बैठकीत मी म्हणालोसुद्धा की व्हॉलंटियरने शिक्का मारावा, परीक्षा घेऊ नये. त्या वर्षी माणसंही कमी होती, त्यामुळे माझं म्हणणं सहज पटलं आणि पुढचा चारशे आम्ही फक्त पावत्यांवर घेतला. त्याचं सगळं नियोजन माझ्याकडे होतं. मी रायडर नव्हतो, शेवटी पुण्यात कार्डं गोळा करायला बसलो होतो.

कार्डं सुरेख आली. सगळ्या पावत्या जागच्या जागी, वेळा वाचता येण्याजोग्या. त्यात एक पस्तिशीतला रायडर होता, शांत, नीटनेटका, त्याच्या सायकलवर टेल लाइटसुद्धा दोन. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे ट्रकचा आवाज इतका घुमतो की कान बसतात. मी सहज विचारलं, “बोगद्यात गर्दी होती का?” तो विचारात पडला. मग म्हणाला, “काका, बोगदा आठवत नाही.” मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्याला सुरूरच्या एटीएममध्ये उभं राहिल्याचं आठवत होतं, आणि त्यानंतर एकदम नीरेचा पूल. मधलं काहीच नाही. बोगदा, त्यानंतरचं ते अवघड वळण, उतार, हे सगळं तो मध्यरात्री ट्रकच्या रांगेत पार करून आला होता आणि त्याच्या डोक्यात त्यातलं काही उमटलंच नव्हतं. झोप पापण्या न मिटता लागली होती.

त्याचं कार्ड माझ्या हातात होतं. कार्डात काही चूक नव्हती. पावती सांगत होती की हा माणूस बारा वाजून चाळीस मिनिटांनी तिथे होता. तो कसा होता हे कुठल्याच मशीनला छापता आलं नसतं, आणि तिथे विचारणारं कुणी नव्हतं, कारण ते मीच नको म्हटलं होतं. त्याला काही झालं नाही. तो हसत हसत मिसळ खायला गेला. मी मात्र ती मुलगी खुर्चीवर बसवून काय करत होती, ते त्या सकाळी समजलो.

मग मी माझ्याच तत्त्वाकडे जरा मागे वळून पाहिलं. स्वावलंबनाची गोष्ट निघाली की मी नेहमी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं उदाहरण द्यायचो. 1891 मध्ये पियेर जिफार नावाच्या पत्रकाराने सुरू केलेली, आज बाराशे किलोमीटरची, नव्वद तासांची, दर चार वर्षांनी होणारी ती वारी. आपल्याकडचे पुष्कळजण तिथे गेले, 2019 मध्ये तर मोठंच पथक गेलं आणि ब्रिटनीच्या थंड रात्रींनी त्यातल्या बऱ्याचजणांना गुडघ्यावर आणलं. जाऊन आलेल्या मित्राला मी घाट विचारत होतो, तो मला माणसं सांगत होता. फुजेर, लुदेआक, कारेच्या कंट्रोलवर रात्री दोनलाही गरम सूप वाढणारे, झोपायच्या हॉलमध्ये पाटी घेऊन फिरणारे आणि सांगितलेल्या वेळेला खांदा हलवून उठवणारे. शिवाय वाटेतल्या गावांत घरासमोर टेबल मांडून कॉफी देणारे लोक, जे पैसे घेत नाहीत, आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठव एवढंच म्हणतात. म्हणजे ज्याला मी एकट्याचा पराक्रम म्हणत होतो तो हजाराहून जास्त माणसांनी जागून उभा केलेला असतो. त्याने हे मला खूप आधी सांगितलं होतं. मी तेव्हा चढाचे टक्के लिहून घेत होतो.

आता मी काय करतो ते सांगतो. दिवसाच्या कंट्रोलवर मी अजूनही कुणाला बसवत नाही. चहाच्या टपरीचं बिल, पंपाची पावती, पुरे. उजेडात माणसाला स्वतःची शुद्ध असते. सगळी माणसं मी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत लावतो, दोघं-दोघं. त्यांना सांगितलेलं असतं की खायला काही नसलं तरी चालेल, पण गरम पाणी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, जुनी वर्तमानपत्रं आणि घोंगड्या पाहिजेत. आणि प्रत्येकाला हिशेब विचारा. पुढचा कंट्रोल कुठला, किती वाजता बंद होतो, किती तास राहिले. उत्तर अडखळलं तर गप्पा मारा. वेळेत आलेल्याची नोंद आम्ही अडवत नाही, त्यामुळे थांबवण्याचा अधिकार कुणाकडे नाही. गोड बोलून वीस मिनिटं बसवण्याचा आहे. त्याहून जास्त बसू द्यायचं नाही, अंग गार पडलं की सायकलवर चढवत नाही.

कटऑफ मात्र मी एका मिनिटानेही सैल केलेला नाही, करणारही नाही. बदल तेवढाच आहे.

या नव्या मताच्या अडचणीही मला दिसतात. व्हॉलंटियर म्हणजे फुकटचा वेटर, अशी समजूत असलेले रायडर दर वेळी दोन-चार निघतातच. “पोहे संपले?” असं विचारणारा एकजण तर हातातलं कार्डही नीट पुढे करत नव्हता. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. रायडरच्या झोपेची चौकशी करणारी माणसं स्वतः रात्रभर जागलेली असतात आणि पहाटे गाडी चालवत घरी जातात. धुकं, उसाच्या ट्रॉल्या, जड पापण्या, सगळं तेच, फक्त वेग चौपट. त्यांचा हिशेब कोण विचारणार? म्हणून आता ढाब्यावर एक खोली घेतो आणि सकाळी आठच्या आत कुणी निघायचं नाही असं ठरवलंय. त्याने नोंदणीची फी वाढली. फी वाढली म्हणून चार नावं कमी झाली. हे गणित अजून बसलेलं नाही.

माझा एक जुना साथीदार, पावतीच्या बाजूने माझ्याहून कडक, अजून जागचा हललेला नाही. त्याचं म्हणणं असं: “तू ज्याला झोपवून पाठवलंस, तो आपल्याला झोप येतेय हे ओळखायला कधी शिकणार? उद्या हजार किलोमीटरच्या ब्रेव्हेला कुणी नसेल तेव्हा?” यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. वीस मिनिटं झोपून उठल्यावर आपण आधी कसे होतो हे माणसाला कळतं, एवढाच माझा अनुभव, आणि तोही मला कळायला एक अख्खा मोसम गेला.

या जानेवारीत सुरूरच्या कंट्रोलला बारा ते पाचला एक माणूस कमी पडत होता. बरेच फोन झाले, शेवटी मी त्यालाच विचारलं. तो तासभर भांडला आणि हो म्हणाला, एका अटीवर. सकाळी परत येताना गाडी मी चालवायची, आणि मी किती झोपलोय हे तो निघायच्या आधी विचारणार.