बालीगंजची घरे आणि भात्याचा कॅमेरा

दक्षिण कोलकात्यात बालीगंजच्या आतल्या गल्ल्यांतून फिरताना गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील घरे अजून भेटतात. अर्धगोल सज्जे, हिरव्या पट्ट्यांच्या खिडक्या, तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन आणि रस्त्यालगत ‘रोआक’, म्हणजे संध्याकाळच्या गप्पांचा ओटा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. बालीगंजमधील त्यांच्या या चुलत भावंडांच्या वाट्याला तो आलेला नाही. कादंबरीकार अमित चौधुरी यांनी २०१५ मध्ये अशा घरांच्या रक्षणासाठी आवाज उठविला. तरीही घरे पडतात आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहतात. पडलेल्या घराचे जे उरते ते बहुधा छायाचित्रच. म्हणून ते कसे काढले, याला महत्त्व येते.

साध्या कॅमेऱ्याने गल्लीत उभे राहून वर पाहिले, की भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि घर मागे कलंडल्यासारखे दिसते. भात्याचा जुना ‘व्ह्यू कॅमेरा’ हा दोष मुळातच टाळतो. त्यात पुढे भिंगाची चौकट, मागे दुधी काचेची, आणि दोहोंमध्ये केवळ लवचिक भाता. मागची चौकट भिंतीला समांतर ठेवून भिंग तेवढे वर सरकवावे; गच्चीचा कठडा चित्रात येतो आणि भिंती ताठ राहतात. काळ्या कापडाखाली डोके घातलेल्या छायाचित्रकाराला मात्र घर उलटे दिसते. सॅम्युअल बोर्न याने १८६० च्या दशकात असाच कॅमेरा आणि काचेची तावदाने हमालांच्या पाठीवर देऊन हिमालय पालथा घातला. त्याचे नाव मिरविणारा कोलकात्याचा स्टुडिओ २०१६ मध्ये बंद झाला.

आज फिल्मचा खर्च परवडेनासा झाला आहे. म्हणून दुधी काचेच्या जागी मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा बसविण्याची युक्ती निघाली. फुजीफिल्म कंपनीने त्यासाठीचा अडॅप्टर २०१७ मध्ये बाजारात आणला. पण जुन्या गाडीला नवे इंजिन बसविले म्हणजे सारे जुळतेच असे नाही. चार बाय पाच इंची फिल्मच्या मानाने ४४ बाय ३३ मिलिमीटरचा सेन्सर जेमतेम आठवा-नववा हिस्सा भरतो. जे ९० मिलिमीटरचे भिंग फिल्मवर अख्खे घर सामावून घेत असे, त्यातून आता एखादा सज्जा तेवढा दिसतो. मागे सरकावे, तर गल्ली संपते! त्यातच सेन्सर इतका काटेकोर, की जुन्या चौकटीतील केसाएवढी ढिलाईही चित्रात उमटते.

यावर उपाय आहे, आणि तो खास भात्याच्या कॅमेऱ्याचाच आहे. भिंग जागचे हलवायचे नाही. मागचा डिजिटल कॅमेरा तेवढा आडवा, मग उभा सरकवीत एकेक तुकडा टिपायचा आणि ते सारे संगणकावर जोडायचे. भिंगाची जागा बदलत नसल्याने सांधे बेमालूम जुळतात. घर स्थिर असते, पण घरातले जीवन नसते. सज्ज्यावर वाळत घातलेली साडी दोन तुकड्यांच्या मध्ये वाऱ्याने उडाली, तर चित्रात तिचे दोन काठ येतात. मग वारा पडेपर्यंत थांबावे लागते. डिजिटल साधन घाईसाठी असते, हा समज येथे खोटा ठरतो.

काळ्या कापडाचीही सुटका झालेली नाही. दुपारच्या उन्हात पडदा दिसावा म्हणून ते पुन्हा डोक्यावर ओढावेच लागते. त्या अंधारात घर आता सुलटे दिसते, आणि चित्र मोठे करीत गेले, की फाटकालगतच्या संगमरवरी पाटीवर बंगालीत कोरलेले घराचे नाव अक्षर न् अक्षर वाचता येते.