खिशातला चाकू

गेल्या वर्षी माझा चाकू गेला. हरवला म्हणावे, तर तो कोठे गेला हे मला पक्के ठाऊक आहे. चोरीस गेला म्हणावे, तर मी तो स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन केला. लेकीकडे दिल्लीस जायला निघालो होतो. विमानतळावर खिशातल्या किल्ल्या, नाणी आणि चष्म्याचे घर ताटात काढून ठेवताना त्यांच्याबरोबर तोही बाहेर आला. चूक सर्वस्वी माझी. विमानात खिशातून चाकू नेता येत नाही हे हल्ली शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण जी वस्तू पस्तीस वर्षे अंगावर वागवली, ती वस्तू आहे हेच माणूस विसरून जातो. मोठे सामान आधीच पुढे गेले होते. तपासणीवरच्या तरुणाने पाते उघडून पाहिले. ते झिजून झिजून बोरूएवढे झाले होते. त्याने अत्यंत अदबीने तो एका पेटीत टाकला, आणि मी बूट चढवू लागलो.

हा चाकू आप्पांचा. सयाजीराव रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात आप्पा हिशेबनीस होते. (बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव म्हैसुरातल्या हमरस्त्याला आहे, याचा आम्हा इकडच्या मराठी मंडळींना उगाचच एक अभिमान वाटत आलेला आहे. दसऱ्याची हत्तींची मिरवणूक याच रस्त्याने बन्निमंटपाकडे जाते.) हिशेबनीस असले तरी गठ्ठे आले की सुतळ्या कापण्यापासून सारे काम आप्पांकडेच. चाकू शेफील्डचा होता. काळवीट रंगाची मूठ आणि साध्या पोलादाचे एकच पाते. कैरी कापली की ते निळसर काळे पडे, म्हणून आई त्याला ‘काळ्या’ म्हणे. धार लावायला आप्पांना ना निसणा लागे ना सहाण. सहाण तर देवाची, तिला हात लावायची सोय नव्हती. लोणच्याची बरणी पालथी घालून तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ते पाते फिरवीत. दर रविवारी, आंघोळीपूर्वी, शंभर वेळा. तो सर्र सर्र आवाज अजून माझ्या कानात आहे.

चाकू गेल्यावर आपल्याला त्याची किती वेळा गरज पडते याची मोजदाद आपोआप होऊ लागली. आमचे घर देवराज मोहल्ल्यात, मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी चिक्क गडियार, म्हणजे १८८६ सालचा तो डफरिनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, ओलांडून मी मार्केटात शिरतो. मल्लिगेच्या माळा, कुंकवाचे रंगीत ढीग, विड्याची कोवळी पाने, नंजनगूडची रसबाळे यांच्यामधून एक फेरी मारल्याखेरीज माझा दिवस सुरू होत नाही. २०१६ साली धन्वंतरी रस्त्याकडची बाजू कोसळली, तेव्हापासून ही फेरी मी थोडी भीतभीतच मारतो, पण मारतो. तर या फेरीत पुडीचा दोरा तोडायचा असतो, पेरू आतून कसा आहे ते पाहायचे असते. घरी आल्यावर पार्सलांची चिकटपट्टी असते. आणि दुपारी हिला सफरचंदाच्या किंवा पेरूच्या पातळ, कागदासारख्या फोडी करून द्यायच्या असतात. हे शेवटचे काम माझ्या खास अभिमानाचे. बशीत चकत्या पंख्यासारख्या मांडून मी तिच्यापुढे ठेवी, आणि आपल्यासारखा नवरा मोहल्ल्यात दुसरा नसेल अशी माझी समजूत होई.

स्वयंपाकघरात विळी आहे, सुऱ्या आहेत, मग खिशात आणखी कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझ्यापाशी तर्कशुद्ध उत्तर नाही. आपल्याकडे पूर्वी चंचीत अडकित्ता असे. इकडे कानडीत त्याला अडकत्तरी म्हणतात, शब्द एकाच घरचे दिसतात. त्याची खरी मिजास सुपारी कातरण्यात नव्हती. चारचौघांत कोणी सुपारी मागितली की तो लगेच काढता येई, यात होती. खिशातल्या चाकूचेही तसेच आहे. निम्म्याहून अधिक वेळा तो दुसऱ्याच्या कामी येतो. मात्र काळ असा आला आहे की गर्दीत चाकू काढला की माणसे दोन पावले मागे सरतात. सिनेमाने रामपुरी घरोघर पोहोचवला, त्याचा हा परिणाम असावा. कायदा त्यामानाने समजूतदार आहे : शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा विचार होतो, आणि घरकामाची व शेतीची हत्यारे त्यातूनही वगळलेली आहेत. माझे पाते तीन इंचांचे.

असो. नवा चाकू घ्यायला मी मार्केटामागच्या गल्लीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने आधी काचेच्या कपाटातून लाल मुठीचा स्वित्झर्लंडचा चाकू काढला, मखमलीवर ठेवला, आणि मग त्याच्या शेजारी खोक्यातून एक चकचकीत, नाव नसलेला चाकू टाकला. पहिला तीन हजारांचा, दुसरा ऐंशी रुपयांचा.

“हा घ्या स्वामी, तुमच्यानंतर तुमचा नातू वापरील,” तो पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाला.

“आणि हा?”

“हा तुम्ही वापराल. हरवलात तर दुसरा घ्याल.”

इतका प्रामाणिक विक्रेता मी फार दिवसांत पाहिला नव्हता. मी ऐंशी रुपये मोजले.

त्या चाकूने मला आठ दिवसांत शहाणे केले. त्याच्या पाठीतली कमान इतकी ढिली की पाते उघडे राहील की मिटेल हे त्याच्या लहरीवर. तिसऱ्याच दिवशी ते पेरूत अर्धे शिरले आणि माझ्या बोटावर मिटले. हिची एक गोळी डॉक्टरांनी अर्धी करून घ्यायला सांगितली आहे. ती या चाकूने कापायला गेलो तर अर्ध्याऐवजी एक पाव, एक तुकडा आणि उरलेला भुगा. औषधवाल्याने सांगितले की गोळ्या कापायची प्लास्टिकची डबी मिळते, चाकूचे ते कामच नव्हे. डबी आणली. एक काम कमी झाले, आणि मला उगाच अपमान झाल्यासारखे वाटले.

मग मी हिशेबाला बसलो, हिशेबनिसाचाच मुलगा. तीन हजारांचा चाकू दहा वर्षे वापरला तर दिवसाला ब्याऐंशी पैसे. ऐंशी रुपयांचा दोन महिने टिकला तर दिवसाला एक रुपया तेहतीस पैसे. म्हणजे महाग तो स्वस्त! शिवाय त्या लाल चाकूचा इतिहासही माझ्या बाजूने होता. इबाखच्या कार्ल एल्सेनरने १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवू लागला. पण जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारखानदार तसाच चाकू कमी किमतीत देऊ लागले, सोबतच्या कारागिरांनी अंग काढून घेतले, आणि एल्सेनर बुडायला आला. तेव्हा त्याने स्वस्ताशी स्पर्धा सोडून १८९७ साली अधिक हलका, अधिक कामांचा ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ काढला. सैन्याने तो कधी सरकारी खर्चाने दिला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घेतला, आणि त्यावर कारखाना तरला. पोलादाचा मुद्दाही होताच. हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली शेफील्डमध्ये न गंजणारे पोलाद काढले, तेव्हा तिथल्या कारागिरांनी न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून त्याची थट्टा केली होती. चांगल्या कारखान्यांनी पुढे ती थट्टा खोटी ठरवली; ऐंशी रुपयांचा चाकू मात्र ती अजून खरी करीत हिंडतो आहे.

इतका पुरावा जमल्यावर बँकेतून तीन हजार काढले आणि पाकिटात घालून कपाटात ठेवले. ‘सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही,’ असे आपल्याकडे म्हणतात. पण ही सुरी सोन्याची नव्हती, पोलादाची होती, आणि गणित पक्के होते. ते पुरे व्हायला आता एकच आकडा हवा होता : आप्पांनी आपला चाकू केवढ्याला घेतला? आप्पांच्या चोपड्या माळ्यावर होत्या. घरखर्चाची प्रत्येक पै त्यांनी बाळबोध, सुबक अक्षरात लिहून ठेवलेली आहे.

१९५७ सालच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, नोंद सापडली : ‘चाकू नग १, रु. ११.५०’. त्याच वर्षी एप्रिलात नवे पैसे सुरू झाले होते, म्हणून पन्नासचा आकडा त्यांनी जरा ठळकच काढला होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी माल दिसेनासा होत चाललेले ते दिवस. आता घेतला नाही तर पुन्हा मिळायचा नाही असे त्यांना वाटले असावे. पगार पंच्याहत्तर रुपये. सदुसष्ट वर्षांत साडेअकरा रुपये, म्हणजे दिवसाला एका पैशाचा सुमारे विसावा हिस्सा! मी खूश होऊन चोपडी मिटणार, तोच खालची ओळ दिसली. ‘सौ.चा चष्मा’ असे लिहून ती खोडलेली होती, आणि समोर बारीक अक्षरात ‘पुढील महिन्यात’. नोव्हेंबरात पुन्हा तीच ओळ, पुन्हा खोडलेली. डिसेंबरातही. जानेवारीत ओळच नव्हती. चष्मा आला फेब्रुवारीत, चौदा रुपयांना.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आई शेजारणींच्या चोळ्या शिवून चार पैसे मिळवी. त्या थंडीत ती मला दिव्याजवळ बसवी आणि सुईत दोरा ओवून घेई. “तुझे डोळे कोवळे आहेत रे,” ती म्हणे. मला तो खेळ वाटे. एका दमात दोरा ओवला की ती एक चुरमुऱ्याचा लाडू देई, आणि मोठेपणीही ती आठवण मी बालपणातल्या सुखात जमा धरीत आलो.

आप्पांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांना चाकू लागतच होता. त्याच्याआधी ते सुतळ्या दातांनी तोडीत, आणि त्यात एक दात गेलेला होता. पुढे तीस वर्षे आप्पांपेक्षा आईनेच तो अधिक वापरला : शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, आमच्या पेन्सिली. खंडेनवमीला, इकडच्या आयुधपूजेला, आपल्या कात्रीशेजारी पाटावर ती तो ठेवी आणि त्याला कुंकू लावी. पण शेजारणींनी कौतुक केले की ती म्हणे, “चाकू चांगला आहे हो, पण महाग पडला.” साडेअकरा रुपये आई इतके कसे विसरत नाही, याचे आम्हा भावंडांना हसू येई.

चोपडी घेऊन मी खाली आलो. ही दुपारची वाट पाहत बसली होती; पेरू बशीत, चाकू शेजारी. मी फोडी करू लागलो, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात न विचारलेला प्रश्न मी विचारला.

“अगं, तुझं काही लांबणीवर पडलंय का?”

“म्हणजे कसलं?”

“म्हणजे... काही घ्यायचं होतं, करायचं होतं, आणि राहिलं असं.”

ती जरा थांबली. “काही नाही हो. ती कवळी तेवढी. दोन वर्षं झाली डॉक्टरांनी सांगून. डाव्या बाजूनं चावताच येत नाही. पण काही अडलं नाही. तुम्ही फोडी किती बारीक करून देता!”

चकत्या मांडण्याचे माझे काम तिथेच थांबले. जिच्यासाठी मी तीन हजारांचे पाते घ्यायला निघालो होतो ती गरज कशातून आली होती, हे मला कोणत्याही भागाकारात दिसले नव्हते. मी कपाटातले पाकीट काढून तिच्यापुढे ठेवले. “हे कशाचे?” तिने विचारले. खरे सांगायला मला लाज वाटली.

कवळी व्हायला चार आठवडे लागले. त्या तीन हजारांत बरीच भर घालावी लागली. मधल्या काळात ऐंशी रुपयांच्या चाकूशी मी तह केला. दुकानदाराकडूनच त्याची खीळ ठोकून घेतली. दोन हातोड्यांत कमान बरीच ताठ झाली, आणि त्याने पैसे घेतले नाहीत. आईची बरणी आहेच. तिच्या बुडावर दर रविवारी पाते फिरवतो. हलके पोलाद लवकर धरते आणि लवकर सोडते, एवढाच फरक. आप्पांचे शंभर घास इथे दीडशे करावे लागतात. लाल मुठीचा चाकू अजून त्या काचेच्या कपाटात आहे. जाता-येता मी तो पाहतो, आणि घेऊ नये असे मला मुळीच वाटत नाही.

यंदाच्या आयुधपूजेला हिने पाटावर विळी, कात्री आणि माझा चाकू मांडला. गोळ्या कापायची डबीही ठेवली, आणि तिलाही कुंकू लावले. पूजा झाल्यावर मी सवयीने बशी ओढली, पेरू हातात घेतला आणि चाकू उघडला.

“थांबा,” ती म्हणाली, “मला तो सबंधच द्या. आणि जरा तिखटमीठ आणा.”